ब्रेक दाबला की पिकअपच्या पुढून ‘खट्’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या आवाजाबद्दल लोक सगळ्यात आधी सांगतात तो कुठून येतो ते. ‘डाव्या चाकातून’, ‘पायाखालून’, ‘बोनेटच्या कोपऱ्यातून’. नेमकी हीच माहिती सगळ्यात कमी भरवशाची असते, कारण पिकअपची चासी म्हणजे एक लांबलचक लोखंडी शिडी. उजवीकडचा ठोका डावीकडे ऐकू येतो, मागचा पुढे येतो. आवाज नेमका केव्हा येतो हे मात्र खोटं बोलत नाही. म्हणून खाली सुटे भाग बदलण्यापेक्षा तपासण्यांवरच जास्त लिहिलं आहे.

आवाज येतो, पण ब्रेक व्यवस्थित लागतो. गाडी चालवत राहू का?

आधी दहा मिनिटं थांबा आणि चारही चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत का ते बघा. हे सांगताना थोडं संकोचल्यासारखं होतं, पण नुकतंच पंक्चर काढलेलं असेल किंवा चाक उतरवून काही काम झालं असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा. त्यानंतर चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि त्याला धरणारा ब्रॅकेट जागेवर आहेत का, एखादा बोल्ट बाहेर आला आहे का, हे पाहा.

पेडल मऊ लागतं, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग आपोआप थोडं वळतं, किंवा आवाज दिवसागणिक मोठा होतो, यापैकी काहीही असेल तर गाडी चालवू नका. झिजलेला बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडातली रबरी नळी, महिनोन्‌महिने नुसता कुरकुरत राहतो. बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा, मात्र निसटला की चाक आडवं पडतं. बाहेरून ऐकताना दोघांचा आवाज जवळपास सारखाच असतो, हीच अडचण आहे.

इतर वेळी गाडी शांत असते. मग ब्रेक मारतानाच का वाजतं?

कारण ब्रेक लागला की पुढच्या भागातल्या प्रत्येक जोडावरचा भार एका क्षणात दिशा बदलतो. २००० किलोची पिकअप धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंच, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर. मध्यम जोराने, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या वेगमंदीने ब्रेक मारला, तर सुमारे २३० किलोचा भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. पुढचं नाक खाली बसतं आणि चाकांना चासीशी जोडणारे आडवे दांडे, म्हणजे आर्म, वर येतात.

त्याच वेळी रस्ता चाकाला मागे ढकलतो. हे बळ टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे, म्हणजे खालच्या आर्मच्याही खाली लागतं. तरफेसारखं घडतं: खालचा बॉल जॉइंट मागे दाबला जातो आणि वरचा उलट पुढे ओढला जातो. खालचा जॉइंट जमिनीपासून २० सेंमी आणि वरचा ५० सेंमी उंचीवर असेल, तर खालच्या जोडावर ब्रेकच्या बळाच्या सुमारे १.७ पट बळ येतं. दोन आर्मच्या पिकअपमध्ये खालच्या आर्मचे बुश आधी का जातात, त्याचं हे एक मोठं कारण.

जोडात प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर तो भाग मोकळी जागा ओलांडून पलीकडच्या लोखंडावर आदळतो. तो ‘खट्’. भार टिकून आहे तोवर तो तिथेच दाबून राहतो, म्हणून आवाज एकदाच येतो. ब्रेक सोडला की परत येताना कधीकधी दुसरा, जरा हलका ठोका ऐकू येतो. एका दाबात सतत खडखड होत असेल, तर ते प्रकरण वेगळं असण्याची शक्यता जास्त.

घरच्या घरी, काही न उघडता काय तपासता येईल?

बरंच काही. मोकळी, सपाट जागा शोधा, काचा खाली करा, रेडिओ आणि पंखा बंद करा. वेग माणसाच्या चालण्याइतका ठेवा.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी म्हणजे पुढे-मागे. गाडी थोडी रिव्हर्स घ्या, ब्रेक मारा. मग पुढे घ्या, ब्रेक मारा. पुन्हा पुढेच घ्या, पुन्हा ब्रेक. दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला ‘टक्’ येतो आणि त्याच दिशेच्या पुढच्या ब्रेकला येत नाही, असं झालं तर बोट पॅडकडे जातं. डिस्क पॅडला आपल्याबरोबर फरफटत नेते आणि ब्रॅकेटच्या एका टोकाला टेकवते. पुढच्या वेळी तो आधीच त्या टोकाला असतो, म्हणून आवाज नाही. दिशा बदलली की दुसऱ्या टोकाकडचा प्रवास. हा आवाज बारीक, कोरडा, धातूवर धातू असा असतो. प्रत्येक ब्रेकला, दिशा न बदलताही, जाड ‘धप्प’ येत असेल तर पॅड बाजूला ठेवा आणि बुशांकडे वळा.

दुसरी चाचणी खडबडीत रस्त्यावरची. हळू जाताना पुढून खडखड येते का बघा. येत असेल तर ब्रेक पेडलवर अगदी हलका पाय ठेवून तेच अंतर पुन्हा कापा. खडखड थांबली, तर पॅड किंवा कॅलिपर मोकळे हलत होते आणि तुमच्या पायाने त्यांना धरून ठेवलं. आवाज तसाच राहिला तर सस्पेन्शन.

तिसरी, न्यूट्रलची. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू द्या आणि ब्रेकने थांबवा. आवाज गायब झाला तर तो ब्रेकचा नाहीच. गिअर, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा) किंवा इंजिनाच्या माउंटिंगचा (रबरी आधाराचा) आहे.

चौथी, हँडब्रेकची. हँडब्रेक बहुतेक पिकअपमध्ये फक्त मागच्या चाकांवर काम करतो. चालण्याच्या वेगात, बटण दाबून धरून, लिव्हर हळूहळू ओढत गाडी थांबवा. आवाज आला नाही तर कारण बहुधा पुढच्या ब्रेक-सस्पेन्शनमध्ये आहे. तरीही आला तर पुढचं चाक खोलण्याआधी मागे आणि हौद्यात बघा. इलेक्ट्रिक बटणाचा हँडब्रेक असेल तर ही चाचणी करू नका.

एवढं झालं की स्टिअरिंग थोडं डावीकडे, मग उजवीकडे ठेवून ब्रेक मारून बघा. एकाच बाजूला आवाज बदलत असेल तर त्याची नोंद ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नवे पॅड टाकले आणि तेव्हापासूनच आवाज सुरू झाला. पॅड खराब निघाले का?

पॅडपेक्षा बसवणी चुकल्याची शक्यता कितीतरी जास्त. पॅडचे दोन्ही कान ब्रॅकेटमधल्या पातळ स्टीलच्या क्लिपांवर बसतात. या क्लिपा स्प्रिंगसारखं काम करतात: पॅडला सरकू देतात, पण मोकळं सोडत नाहीत. घाईत जुन्याच क्लिपा परत लावल्या, एखादी वाकली, किंवा ‘काही फरक पडत नाही’ म्हणून काढूनच टाकली, की पॅड ब्रॅकेटवर आपटू लागतो. नव्या पॅडबरोबर नव्या क्लिपा घ्याव्यात. त्या बसवण्याआधी ब्रॅकेटवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करावा. नाहीतर उलटं होतं, पॅड अडकून बसतो आणि एका बाजूनेच झिजतो.

मग येतात कॅलिपरच्या सरकत्या पिना. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन पिना सारख्या दिसतात पण सारख्या नसतात. एकीच्या टोकाला रबरी बाही असते, दुसरी साधी. त्यांची अदलाबदल झाली तर एका ठिकाणी प्ले येतो किंवा कॅलिपर अडकतो. काढताना कोणती वर होती आणि कोणती खाली, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिनांना साधं चाकाचं ग्रीस लावू नका. खनिज तेलाच्या ग्रीसने त्या रबरी टोप्या फुगतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावा, तेही पातळ थरात.

आणि ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट. हे हाताच्या अंदाजाने नव्हे, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळायचे असतात. काही गाड्यांमध्ये हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ढिला ब्रॅकेट अगदी सुरुवातीला झिजलेल्या बुशासारखाच वाजतो, आणि पुढे जाऊन कॅलिपर चाकाच्या रिमला लागू शकतो.

पॅडचं अस्तर ३ मिमीपर्यंत आलं असेल तर आवाजाचा शोध नंतर, आधी पॅड बदला. डिस्क किती पातळ चालेल तो आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो.

ब्रेक ठीक निघाले. पुढचा संशय कोणावर?

स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपमध्ये खालच्या आर्मच्या बुशांवर, त्यातही मागच्या बुशावर. बाहेरून रबर काळं, धडधाकट दिसतं आणि आतली लोखंडी नळी रबरापासून कधीच सुटलेली असते. म्हणून नुसतं बघून भागत नाही. गाडी स्टँडवर घ्या, आर्म आणि चासी यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून पुढे-मागे दाबा. रबर दबेल, तेवढं चालतं. ते दबण्यासाठीच आहे. पण आर्म एकदम सरकला, ‘टक्’ झालं किंवा फट उघडली, तर बुश गेला. काही बुशांत आत द्रव भरलेला असतो. तिथे तेलकट ओघळ दिसला की निकाल लागलाच.

अजून एक सोपी रीत: मदतनिसाला गाडी चालण्याच्या वेगात पुढे नेऊन ब्रेक मारायला सांगा आणि तुम्ही बाजूला, चार पावलं लांब उभे राहून चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट बघा. दोन्ही बाजूंची तुलना करा. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त मागे सरकत असेल तर कुठे बघायचं ते कळलं. गाडीच्या समोर मात्र कधीही उभं राहू नका.

नवा बुश बसवताना एक चूक इतक्या ठिकाणी पाहिली आहे की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आर्म हवेत लोंबकळत असतानाच त्याचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबरी बुश फिरत नाही, तो पिळतो. लोंबकळताना आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर तो कायम पिळलेलाच राहतो आणि अवेळी फाटतो. मग दोष ‘डुप्लिकेट माला’ला दिला जातो. बोल्ट आधी हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर आणा, आणि मग शेवटचा टॉर्क द्या.

बॉल जॉइंट तपासताना जॅक कुठे लावायचा?

स्प्रिंग कुठे टेकली आहे त्यावर ते ठरतं. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) यांचा भार खालच्या आर्मवर येत असेल, तर जॅक खालच्या आर्मखाली, शक्य तेवढा चाकाजवळ लावा. चासीखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबत राहते, जॉइंट ताणलेला राहतो आणि प्ले लपतो. वरच्या टोकाला चासीला धरलेला मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) असेल तर उलट: चासीखाली जॅक, चाक लोंबकळतं. दोन्ही वेळा गाडी स्टँडवर, मागच्या चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका.

आता चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब (चाक बसतं तो फिरता भाग) आणि नकल (त्याला धरणारा न फिरणारा भाग) एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे प्ले नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा आर्मचा. ३ आणि ९ च्या जागी धरून प्ले आला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) आणि स्टिअरिंगकडे बघा.

स्टॅबिलायझरच्या लिंक बदलल्या, आवाज जसाच्या तसा. असं का?

स्टॅबिलायझर म्हणजे दोन्ही चाकांमधला, गाडीचा कल रोखणारा बार; लिंक त्याची टोकं सस्पेन्शनला जोडतात. त्या सोप्या आणि स्वस्त असतात, म्हणून सगळे आधी त्याच बदलतात. सरळ रेषेत ब्रेक मारताना पुढची दोन्ही चाकं सारखीच दबतात, बार पिळलाच जात नाही, लिंकवर फारसा भार येत नाही. लिंकचा आवाज एक चाक खड्ड्यात गेल्यावर यायला हवा. तिथे शांत आणि ब्रेकला वाजते, अशी गाडी असेल तर लिंकांना सोडा.

माझ्या गाडीला पुढे सलग अ‍ॅक्सल आहे. तिथे काय बघू?

पुढे कमानपाटे असतील तर त्यांच्या टोकांच्या पिना आणि बुश, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा), आणि पाट्यांना अ‍ॅक्सलवर धरणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिले झाले की पाट्यांमधला मधला बोल्ट तुटू शकतो, आणि मग ब्रेक मारताना अ‍ॅक्सल पाट्यांवर सरकतो. तिथे गंजाची ताजी, लालसर भुकटी किंवा घासून चकाकलेलं लोखंड दिसलं की जागा सापडली. स्प्रिंगवाला सलग अ‍ॅक्सल असेल तर मागे जाणाऱ्या लांब आर्मचे बुश आणि आडव्या ट्रॅक बारची (चाकांना बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं तपासा. ट्रॅक बार बघायला गाडी जमिनीवरच ठेवून, इंजिन चालू करून, मदतनिसाला स्टिअरिंग भराभर डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगायचं आणि बारच्या टोकाला, टायरपासून लांब राहून, नजर ठेवायची.

गाडी पूर्ण थांबल्यावर, एका क्षणाने, खालून धक्का बसतो. हा तोच आवाज का?

नाही. हा बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडाचा असतो. ब्रेक मारताना मागचा भाग वर उचलला जातो, पाटे पिळले जातात, आणि शाफ्टची लांबी किंचित बदलावी लागते. त्या जोडाच्या खाचा कोरड्या असतील तर शाफ्ट अडकतो आणि गाडी स्थिरावताना एकदम सुटतो. खाचा साफ करून योग्य ग्रीस लावलं की बऱ्याचदा जातो. नाही गेला तर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे फिरते सांधे) हाताने पिळून बघा, आणि इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग.

सगळं तपासलं, काहीच सापडत नाही. आता?

आता गाडी रिकामी करा. खरंच. सीटमागचा जॅक, टूलबॉक्स, हौद्यातली स्टेपनी, बॅटरीची पट्टी, खालचं संरक्षक पत्र्याचं कव्हर. एकदा मी दोन्ही शॉकअप बदलून बसलो होतो, आणि आवाज निघाला सीटखालच्या जॅकचा. त्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. प्रत्येक ब्रेकला तो पुढे सरकायचा आणि पत्र्यावर आपटायचा.

त्यानंतर केबिनची माउंटिंग. पिकअपची केबिन चासीवर रबरी गाद्यांवर बसते. गादी दबली किंवा बोल्ट ढिला झाला की ब्रेकला अख्खी केबिन पुढे सरकते. हा ठोका पायाखाली, जड आणि बोदा येतो. तसंच शॉकअपचा वरचा नट आणि स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट; गाडी जड लोडवर चालत असेल तर हे बोल्ट बघायला विसरू नका.

संशय असलेल्या बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि दोन दिवस गाडी चालवा. रेघ तुटली असेल तर भाग हलतोय. मोबाइल चासीला बांधून चित्रीकरणही करता येतं, फक्त तो फिरणाऱ्या आणि तापणाऱ्या भागांपासून लांब, दोन पट्ट्यांनी बांधा.

हा एबीएसचा आवाज असू शकतो का?

असू शकतो. एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. गाडी सुरू करून निघाल्यावर, पहिल्यांदा थोडा वेग घेताच एकदा ‘टक्’ किंवा घुर्र असा आवाज आला आणि दिवसभर परत आला नाही, तर अनेक गाड्यांत ती एबीएसची स्वतःची चाचणी असते. दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली भराभर ठोके जाणवले, तर तेही एबीएसचंच काम. पण कोरड्या रस्त्यावर, अगदी थांबता थांबता, पेडल थरथरत ठोके देत असेल तर चाकाच्या वेगाचा सेन्सर गंजामुळे चुकीचा वेग सांगत असावा. तो आणि त्याची बसण्याची जागा साफ करून बघा. एबीएसचा इशाऱ्याचा दिवा लागलाच पाहिजे असं नाही.

मिस्त्रीला नेमकं काय सांगू?

‘पुढून आवाज येतो’ एवढं नको. असं सांगा: ‘पुढे जाताना प्रत्येक ब्रेकला एकच जाड ठोका येतो, न्यूट्रलमध्येही येतो, नुसत्या हँडब्रेकने येत नाही, रिव्हर्सनंतरच्या ब्रेकला मोठा येतो.’ आणि शेजारी बसवून एक चक्कर मारा. गाडी न चालवताच भागांची यादी हातात दिली तर दुसरीकडे जा.

दुरुस्तीनंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागते का?

आर्म, बुश, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड यांना हात लागला असेल तर हो. पॅड, पिना, लिंक किंवा साधे शॉकअप बदलले असतील तर नाही. चाक उतरवलं असेल तर साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.